खर्जाची राखण : बेसगिटारसाठी रॅक निवडताना

दादरच्या शिवाजी मंदिरात किंवा प्रभादेवीच्या रवींद्र नाट्य मंदिरात जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा रंगात आलेला असतो. गायकाचा आवाज, ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड सगळं स्पष्ट कानावर येतं. बेसगिटारही वाजत असते, पण ती वेगळी ऐकणारे प्रेक्षक थोडेच. बाकीच्यांना ती फक्त जाणवते. एखाद्या कडव्यात तिची केबल सैल झाली, की मात्र गाण्याच्या पायाखालची जमीन सरकते आणि काय बिघडलं हे कुणाला चटकन सांगता येत नाही. इतकं महत्त्वाचं काम करणाऱ्या वाद्याच्या आवाजाकडे आपल्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं.

मुंबईला या वाद्याची ओळख जुनी आहे. ताडदेवच्या फिल्म सेंटर या स्टुडिओत संगीतकार राहुल देव बर्मन यांची असंख्य गाणी ध्वनिमुद्रित झाली. त्यांच्या वादकांत टोनी वाझ यांची बेसगिटार होती, आणि त्या काळच्या गाण्यांची चाल जितकी लक्षात राहते तितकाच तिच्याखालचा बेसही. चित्रपटांच्या वादकवृंदांत बेसगिटार वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये रोलँड कंपनीचं टीबी-303 हे यंत्रही वापरून, रागांचे स्वर डिस्कोच्या ठेक्यावर वाजवत एक अख्खी रेकॉर्ड काढली. टीबी-303 मुळात बेसगिटारवाल्याची जागा भरून काढण्यासाठी बनवलेलं यंत्र होतं. धोबीतलावच्या रंगभवनात जॅझ यात्रा महोत्सवातले पाहुणे वाजवून गेले, 1986 पासून इंडिपेंडन्स रॉक या महोत्सवात कॉलेजची पोरं वाजवू लागली. 2007 मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ब्लू फ्रॉग हे लाइव्ह संगीताचं ठिकाण सुरू झालं आणि पुढची नऊ वर्षं गिरणगावात रोज रात्री बेसचे ॲम्प्लिफायर तापत राहिले. आज लालबाग-परळच्या बेंजो पार्ट्यांत पिकअप बसवलेल्या बुलबुल तरंगाखाली खर्ज कधी कीबोर्डवाल्याचा डावा हात सांभाळतो, कधी बेसगिटारवाला.

अशा बेसगिटारवाल्याच्या हातात चार पैसे आले की तो आवाज सुधारण्यासाठी काहीतरी घ्यायला निघतो. जमिनीवर ठेवून पायाने दाबायचे पेडल सगळ्यांच्या माहितीचे असतात. रॅकमध्ये बसणाऱ्या यंत्रांबद्दल मात्र नीट माहिती मिळत नाही. माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. बेसगिटारसाठी कोणतंही यंत्र घेताना ते आवाजात काय भर घालतं हे नंतर पाहावं. ते खर्ज शाबूत ठेवतं का, हे आधी पाहावं.

रॅक म्हणजे काय

रॅकचं माप टेलिफोन एक्स्चेंजमधून आलं. समोरची पट्टी 19 इंच, म्हणजे 482.6 मिलिमीटर रुंद. उंची ‘यू’ या एककात मोजतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच. हे माप जगभर एकच असल्यामुळे कोणत्याही कंपनीचं यंत्र कोणत्याही रॅकमध्ये स्क्रूने बसतं. रेडिओ केंद्रं आणि ध्वनिमुद्रण स्टुडिओ यांनी हेच माप उचललं, आणि 1980 च्या दशकात गिटारवाले कपाटाएवढे रॅक घेऊन दौरे करू लागले. यामाहा एसपीएक्स 90, अलेसिस क्वाड्राव्हर्ब, डीबीएक्सचे कॉम्प्रेसर ही त्या काळातली वादकांत गाजलेली नावं.

पुढे लहान पेडल आणि सगळे इफेक्ट एकाच पेटीत देणारी डिजिटल यंत्रं आली आणि रॅक मागे पडले. बेसगिटारवाल्याला मात्र रॅककडे वळण्याचं एक ठोस कारण आजही आहे. साध्या गिटारची सर्वांत जाड तार 82 हर्ट्झवर वाजते. बेसगिटारची ई तार बरोबर एक सप्तक खाली, 41 हर्ट्झवर. पाच तारांच्या बेसची बी तार तर 31 हर्ट्झपर्यंत उतरते. गिटारसाठी बनवलेल्या पुष्कळ पेडलांत 80 हर्ट्झच्या खालचा आवाज मुद्दाम कमी केलेला असतो, कारण गिटारला त्याची गरज नसते. अशा पेडलमधून बेस गेला की तो पातळ होतो. स्टुडिओसाठी बनवलेली रॅकमधली यंत्रं सहसा 20 हर्ट्झपासून वरचा सगळा आवाज जसाच्या तसा पुढे नेतात. शिवाय त्यांना आत वीजपुरवठा पुरेसा असतो, त्यामुळे जोरात मारलेल्या स्वरालाही ती फाटत नाहीत.

आधी जोडणी, मग इफेक्ट

रॅकबद्दलची निराशा बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. स्टुडिओतली यंत्रं मिक्सरमधून येणाऱ्या आवाजासाठी बनवलेली असतात. बेसगिटारमधून निघणारा सिग्नल त्याहून बराच अशक्त असतो. बॅटरी नसलेल्या, म्हणजे पॅसिव्ह बेसच्या पिकअपला पुढे सुमारे दहा लाख ओहमचा इनपुट हवा असतो. स्टुडिओच्या यंत्राचा इनपुट बरेचदा दहा-वीस हजार ओहमचाच असतो. तिथे गिटार थेट खुपसली की पिकअपवर ओझं पडतं, बोटांची खरखर आणि तारेची चमक निघून जाते आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटतो. यंत्र चांगलं असूनही नावं त्यालाच ठेवली जातात.

यावर उपाय सोपा आहे. गिटार आधी प्रीॲम्पमध्ये, म्हणजे अशक्त सिग्नल मोठा करणाऱ्या यंत्रात, किंवा ॲम्प्लिफायरमध्ये न्यावी आणि रॅकमधली यंत्रं त्याच्या सेंड-रिटर्नमध्ये, म्हणजे आवाज बाहेर नेऊन परत आत आणणाऱ्या जॅकमध्ये, लावावीत. खरेदी करताना यंत्राच्या मागे पातळीचं बटण आहे का, तेही बघावं. स्टुडिओची पातळी ‘+4’ आणि घरगुती वा वादकांच्या उपकरणांची पातळी ‘-10’ अशी लिहिलेली असते. या दोन्हींत जवळपास 12 डेसिबलचा फरक आहे. चुकीच्या पातळीवर ठेवलेलं यंत्र एकतर फाटतं, नाहीतर त्यातून सूंऽऽ असा आवाज येत राहतो.

पहिला पैसा कॉम्प्रेसरवर

बेसगिटारसाठी एकच यंत्र घ्यायचं असेल, तर ते कॉम्प्रेसर असावं. बोटांनी वाजवताना एक स्वर जोरात पडतो, दुसरा हळू. ओपन तार दणकते, वरच्या फ्रेटवरचा स्वर दबतो. कॉम्प्रेसर ठरावीक पातळीच्या वर गेलेला आवाज आवळतो. रेशो 4:1 ठेवला, की त्या पातळीच्या 8 डेसिबल वर गेलेला स्वर बाहेर येताना फक्त 2 डेसिबल वर राहतो. मग एकूण आवाज थोडा वाढवता येतो आणि हॉलच्या शेवटच्या रांगेतही प्रत्येक स्वर पोचतो.

इथे दोन नॉब समजून घेतले पाहिजेत : ॲटॅक, म्हणजे किती वेळात आवळायचं, आणि रिलीज, म्हणजे किती वेळात सोडायचं. ई तारेचं एक कंपन पूर्ण व्हायला सुमारे 24 मिलिसेकंद लागतात. ॲटॅक 1-2 मिलिसेकंदांवर ठेवला, तर कॉम्प्रेसर तार छेडल्याचा टोलाच दाबून टाकतो आणि बेस मऊ, निर्जीव होतो. 20 ते 40 मिलिसेकंदांवर ठेवला, तर टोला मोकळा सुटतो आणि मागचा स्वर आवळला जातो. रिलीज फार जलद ठेवला, तर कॉम्प्रेसर स्वराच्या पातळीऐवजी प्रत्येक कंपनाच्या मागे धावू लागतो आणि खालचे स्वर घरघरतात. 100 ते 200 मिलिसेकंदांपासून सुरुवात करावी. आवाज किती आवळला हे दाखवणारा काटा 4 ते 6 डेसिबलपर्यंत हलला, तर पुरे. बेंजो पार्टीत ताशा आणि ड्रमच्या माऱ्यात थोडं जास्त चालेल. शांत भावगीताला मात्र काटा जेमतेम हलावा.

डीबीएक्सचे एक यू उंचीचे जुने कॉम्प्रेसर या कामाला उत्तम. त्यांचे नॉब मोजके, आवाज स्वच्छ आणि बांधणी मजबूत असते.

प्रीॲम्प आणि इक्वलायझर

दुसरा पैसा प्रीॲम्पवर. वादकाचा ‘टोन’ इथे ठरतो. 1969 मध्ये आलेल्या अँपेगच्या 300 वॉटच्या एसव्हीटी ॲम्प्लिफायरने रॉकच्या बेसला जो भरदार, किंचित फाटलेला आवाज दिला, तो आजही अनेकांना हवा असतो. टेक 21 कंपनीचा सॅन्सॲम्प आरबीआय हा एक यू उंचीचा प्रीॲम्प तशा व्हॉल्व्हच्या आवाजाची आठवण देतो आणि त्यातून थेट मिक्सरला केबल देता येते. अलेंबिकचा एफ-2बी हा व्हॉल्व्हवर चालणारा प्रीॲम्प अधिक स्वच्छ आणि महाग.

इक्वलायझर फिरवताना काही जागा ध्यानात ठेवाव्यात. 80 ते 100 हर्ट्झला अंगाचा भरदारपणा असतो. 200 ते 300 हर्ट्झला चिखल साचतो, तिथे थोडं कमी करावं. 700 ते 1,000 हर्ट्झला स्वर ओळखू येतो. 2 ते 3 हजारांवर बोटांचा आणि तारेचा आवाज. आपल्याकडे बेस ऐकू येत नाही म्हणून 60 हर्ट्झचा नॉब चढवायची सवय आहे. त्याने स्पीकर धापा टाकतो, पण स्वर कळत नाही. 800 हर्ट्झ थोडं उचलून बघावं. बेस पुढे येतो. उलट 30 हर्ट्झच्या खालचा आवाज हाय-पास फिल्टरने कापून टाकावा. त्यात संगीत नसतं, आणि ॲम्प्लिफायरची ताकद मात्र वाया जाते.

यात खोलीचाही वाटा मोठा. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये दोन स्वर विशेष घुमतात. बारा फुटांच्या लांबीला साधारण 47 हर्ट्झ, म्हणजे ई तारेच्या दुसऱ्या फ्रेटच्या आसपास. दहा फुटांच्या रुंदीला साधारण 56 हर्ट्झ, म्हणजे जवळपास ओपन ए तार. गिरगावच्या किंवा परळच्या चाळीत सराव करणाऱ्याला हे दोन स्वर नेहमी दणदणीत वाटतात, म्हणून तो खालचा आवाज कमी करून ठेवतो. मग नाट्यगृहात त्याच सेटिंगवर बेस पातळ येतो. घरी सेटिंग ठरवताना हेडफोन वापरावा, आणि हॉलमध्ये ध्वनिचाचणीच्या वेळी पुन्हा एकदा कान लावून इक्वलायझर जुळवावा.

रंग भरणारी यंत्रं

कोरस, ऑक्टेव्हर, डिले, रिव्हर्ब ही मोहात पाडणारी यंत्रं, आणि खर्ज बिघडतो तोही इथेच. आपल्याकडे या सगळ्यांना सर्रास ‘इको’ म्हणतात, पण प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

कोरस मूळ आवाजाची किंचित सुरात हलणारी प्रत त्यात मिसळतो. वरच्या स्वरांना त्याने सुंदर झळाळी येते. खालच्या स्वरांत मात्र मूळ आणि प्रत एकमेकांना खाऊ लागतात आणि स्वर कधी भरतो, कधी पोकळ होतो. ऑक्टेव्हर एक सप्तक खालचा स्वर तयार करतो. ओपन ई तारेवर तो चालू केला, तर 20 हर्ट्झचा स्वर निघतो. तो कानाच्या मर्यादेवर असतो आणि बहुतेक स्पीकरांना झेपत नाही. ए तारेच्या सातव्या फ्रेटवर वाजवलं, तर खाली 41 हर्ट्झचा दणदणीत स्वर मिळतो. म्हणून ऑक्टेव्हर फ्रेटबोर्डच्या वरच्या भागात, एका वेळी एकच स्वर छेडून वापरायचा. आणि बोटाच्या जोरावर उघडमीट करणारा एन्व्हलप फिल्टर असेल, तर तो कॉम्प्रेसरच्या आधी लावावा; आवाज आधीच सपाट झाला, तर त्याला जोर कळणार कसा?

डिलेचा वेळ गाण्याच्या लयीवरून काढता येतो. 60,000 ला लयीच्या आकड्याने भागायचं. मिनिटाला 120 मात्रांच्या गाण्यात एक मात्रा 500 मिलिसेकंदांची होते. डिले आणि रिव्हर्ब या दोन्हींतून 200 हर्ट्झच्या खालचा आवाज काढून टाकावा. नाट्यगृह स्वतःच घुमतं. त्यात बेसवर आणखी रिव्हर्ब टाकला, तर ढोलकीचा ठेका आणि गायकाचे शब्द दोन्ही बुडतात.

या सगळ्यांवर रॅकवाल्यांचा एक जुना आणि खात्रीचा तोडगा आहे : आवाज दोन भागांत वाटून घ्यायचा. क्रॉसओव्हरने 150-200 हर्ट्झच्या खालचा आवाज वेगळा काढून, फक्त कॉम्प्रेस करून, सरळ ॲम्प्लिफायरला द्यायचा. वरच्या भागावर हवे ते इफेक्ट करायचे. येस या बँडचे ख्रिस स्क्वायर रिकनबॅकर बेसच्या दोन पिकअपचे आवाज दोन वाटांनी नेत, तेही याच विचाराने. तंबोऱ्याच्या बाकीच्या तारा जवारीने कितीही झगमगल्या, तरी खर्जाची तार ठाम लागलेली असावी लागते. इथेही तसंच आहे. क्रॉसओव्हर नसेल, तर निदान मूळ आणि इफेक्टचं मिश्रण करणारा मिक्स नॉब असलेलं यंत्र घ्यावं. फक्त एक सावधगिरी : डिजिटल यंत्रातून आवाज यायला दोन मिलिसेकंद उशीर झाला, तरी मूळ आवाजात मिसळताना 250 हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. दोन्ही मिसळून ऐकावं. आवाज पोकळ वाटला, तर मिश्रण यंत्राच्या आतच करावं.

वीज, अर्थिंग आणि पन्नास हर्ट्झचा ‘जी’

बेसगिटारवाल्याला मुंबईत सर्वांत जास्त छळतो तो हम, म्हणजे विजेचा गुंजारव. आपली वीज 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झची. बेसच्या ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा ‘जी’ 49 हर्ट्झवर वाजतो. म्हणजे विजेचा हम आणि हा स्वर जवळपास एकाच ठिकाणी येतात. तो स्वर लांबवला, की हमबरोबर सेकंदाला एक हेलकावा ऐकू येतो. गिटारवाल्याचा हम त्याच्या स्वरांच्या खाली राहतो, आपला थेट स्वरांच्या मधोमध बसतो. वाजवणं थांबलं की आवाजाची वाट बंद करणाऱ्या नॉइज गेटने तो फक्त शांततेत जातो, वाजवताना नाही. म्हणून तो मुळातूनच काढावा लागतो.

बरेचदा दोष अर्थिंगचा असतो. रॅक एका प्लगवर, मिक्सर दुसऱ्या टोकाच्या प्लगवर, आणि मधल्या केबलमधून अर्थचं वर्तुळ पूर्ण होतं. सगळी यंत्रं एकाच चांगल्या बोर्डवर घ्यावीत. मिक्सरकडे जाणारा आवाज ट्रान्सफॉर्मर असलेल्या डीआय बॉक्समधून, म्हणजे सिग्नल मिक्सरला जुळवून देणाऱ्या छोट्या पेटीतून, न्यावा आणि केबलमधलं अर्थचं वर्तुळ तोडणारं तिचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून पाहावं. प्लगची अर्थची पिन मात्र कधीही, कुणी सांगितलं तरी, काढू नये. हम जाईल, पण ओल्या मंडपात लोखंडी स्टेजवर उभ्या असलेल्या वादकाच्या जिवावर बेतेल.

बाहेरून आणलेल्या यंत्राच्या मागे व्होल्टेजचा आकडा वाचल्याशिवाय प्लग लावू नये. 120 व्होल्टचं यंत्र आपल्या सॉकेटमध्ये लागलं, की क्षणात जळतं. त्यासाठी स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा, आणि तो यंत्राच्या गरजेपेक्षा मोठा घ्यावा. 60 हर्ट्झसाठी बनवलेलं यंत्र 50 हर्ट्झवर थोडं जास्त तापतं. मिरवणुकीच्या ट्रकवर जनरेटरची वीज वरखाली होते, तिथे डिजिटल यंत्रं मधेच बंद पडून पुन्हा सुरू होतात. रॅकमध्ये एक छोटा यूपीएस असला, तर गाणं अर्ध्यावर तुटत नाही.

खरेदी आणि देखभाल

धोबीतलावला वाद्यांची जुनी दुकानं आहेत. लॅमिंग्टन रोडला ट्रान्सफॉर्मर, जॅक, केबल, फॅन, स्क्रू सगळं एका फेरीत मिळतं. जुना रॅक विकत घेताना यंत्र अर्धा तास चालू ठेवावं, मग ऐकावं. काही दोष गरम झाल्यावरच दिसतात. प्रत्येक नॉब हळू फिरवून खरखर ऐकावी. जुन्या डिजिटल यंत्रात आत एक छोटी बॅटरी असते. ती संपली, की साठवलेली सेटिंग पुसली जातात. ती बदलता येते, म्हणून तेवढ्यासाठी यंत्र नाकारू नये, फक्त भाव कमी करून घ्यावा.

रॅक चार यूपेक्षा मोठा करू नये. चाळीचे जिने, टॅक्सीची डिकी आणि स्टेजच्या मागची गर्दी यांत एका माणसाला उचलता येईल, तेवढंच सामान खरं. व्हॉल्व्हच्या यंत्राच्या वर एक यू जागा मोकळी ठेवावी. आपला हंगाम गणपतीचा, म्हणजे ऐन दमट हवेचा. जॅकवर गंज धरतो आणि आवाज तुटतो. पेटीत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवाव्यात, त्या बदलत राहाव्यात, आणि आठवड्यातून एकदा तरी यंत्र तासभर चालू ठेवावं. आतली ऊब ओलावा घालवते.

आवाजाच्या मर्यादेचंही भान हवं. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार मोकळ्या जागेत रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. सणांच्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सवलत मिळते. रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्याभोवती किमान शंभर मीटरचं शांतता क्षेत्र सरकार जाहीर करू शकतं. परळला केईएम, टाटा आणि वाडिया ही रुग्णालयं हाकेच्या अंतरावर आहेत. खालचा आवाज भिंतीतून सर्वांत सहज जातो. स्वर एक सप्तक खाली आला, की भिंतीचा अडथळा साधारण 6 डेसिबलने कमी होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या आजारी माणसाला गायक ऐकू येत नाही, बेस मात्र छातीत बसतो. चांगल्या कॉम्प्रेसरचा आणि नीट लावलेल्या इक्वलायझरचा खरा फायदा इथे आहे : कमी आवाजात बेस स्पष्ट ऐकू येतो, म्हणून तो वाढवावा लागत नाही.

खरेदीचा क्रम असा ठेवावा : आधी चांगल्या केबल आणि डीआय बॉक्स, मग कॉम्प्रेसर, मग प्रीॲम्प, मग क्रॉसओव्हर, आणि हे सगळं बसल्यावर एखादा कोरस किंवा डिले. प्रत्येक नवीन यंत्र आल्यावर एक परीक्षा घ्यावी. बँड पूर्ण वाजत असताना एका विश्वासू माणसाला शेवटच्या रांगेत उभं करावं आणि यंत्र बायपास करून, पुन्हा चालू करून दाखवावं. आवाजाची पातळी दोन्ही वेळा सारखी ठेवावी, कारण जरा मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो. चालू असताना त्याला खालचा स्वर कमी कळला, तर ते यंत्र कितीही नामांकित असो, गाण्याच्या उपयोगाचं नाही. दोन्ही वेळा गाणं तितकंच भक्कम वाटलं आणि यंत्राने त्यात काही भर घातली, तरच त्याला रॅकमध्ये जागा द्यावी.